नरहर शिंप्याचा लांब दुधी

नदीकाठच्या एका गावात नरहर नावाचा एक शिंपी होता. शिवणकामातून उठला की तो घरामागच्या परसात जायचा. त्या गावाला भाजी पिकवण्याचं भारी वेड. परसबागवाल्यांचं तिथं एक मंडळच होतं. गुढीपाडव्याला मंडळी देवळात जमायची आणि एकमेकांना बी द्यायची. वैशाखात आळी खणून शेणखत भरायची. पावसाळाभर एकमेकांच्या मांडवाखाली जाऊन वेल बघायची, कीड दिसली तर उपाय सांगायची. आणि दिवाळी झाली की शाळेच्या पटांगणात भाज्यांचं प्रदर्शन भरायचं. आसपासच्या गावांतून माणसं यायची. ज्याचा दुधी सगळ्यांत लांब, त्याला मानाचा फेटा बांधला जायचा.

तो फेटा वर्षानुवर्षं केरबा सुताराकडे जात होता. केरबा नरहरचा लहानपणापासूनचा मित्र. फेटा बांधून झाला की तो नरहरच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "पुढच्या वर्षी तुझा." तो हे अगदी मनापासून म्हणायचा. नरहरला मात्र ते टोचायचं.

त्या वर्षी नरहरनं मंडळाचं बी लावलंच नाही. कालव्याच्या कडेला आपोआप उगवलेल्या एका वेलावर त्याला भला थोरला दुधी वाळलेला दिसला होता. त्याचंच बी आणून त्यानं गुपचूप लावलं. वेल असा फोफावला की मांडव वाकायला आला. त्यातला एक दुधी सरळ खाली उतरत राहिला. नरहर रोज सकाळी टेप घेऊन त्याच्यापाशी उभा राहायचा आणि स्वतःशीच हसायचा.

प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. नरहरच्या बायकोनं, चंपानं, त्याच वेलाचा एक लहान दुधी भाजीला घेतला. चिरताना तिनं सवयीनं एक फोड जिभेवर ठेवली आणि तिथंच थुंकली.

"अहो, हे जरा चाखून बघा."

नरहरनं चाखलं. कडूजहर! जीभ आखडली. कितीदा चूळ भरली तरी चव जाईना.

"उपटा तो वेल," चंपा म्हणाली. "कडू दुधी पोटात गेला तर माणूस दगावतो."

"आपल्याला कुठं खायचाय? प्रदर्शनात दुधी मापतात. चाखत नाहीत."

"आणि नंतर?"

"नंतर टाकून देईन. झालं?"

चंपानं वेलावरचे बाकीचे दुधी तोडून खड्ड्यात पुरले. मोठा तेवढा राहिला.

प्रदर्शनात नरहरचा दुधी केरबाच्या दुधीपेक्षा वीतभर लांब भरला. ताशा वाजला. नरहरच्या डोक्यावर फेटा चढला. गर्दीतून सगळ्यांत आधी पुढं आला तो केरबा. त्यानं नरहरला कडकडून मिठी मारली आणि टेबलावरचा दुधी खांद्यावर घेतला.

"हा मी नेणार," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पित्तासाठी रोज सकाळी दुधीचा रस घेतो मी. उद्याचा रस या पठ्ठ्याचा!"

लोक हसले. टाळ्या वाजल्या. नरहर एक पाऊल पुढं आला. 'नको' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण नको म्हटलं की का म्हणून विचारणार, आणि कारण सांगितलं की फेटा उतरणार. त्यानं मनाशी ठरवलं, संध्याकाळी केरबाच्या घरी जाऊन एकट्यालाच सांगू.

संध्याकाळी तो निघालाही. पण वाटेत जो तो थांबवून कौतुक करू लागला. कुणी चहाला नेलं, कुणी बी मागितलं. केरबाच्या गल्लीच्या तोंडापाशी तो उभा राहिला आणि त्याला वाटलं, एवढा कडू रस कोण पिणार? पहिल्या घोटालाच थुंकेल. उद्या विचारलं तर म्हणू, मला काय ठाऊक! तो तिथूनच मागं फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहर मशीनवर बसला होता. एवढ्यात केरबाची बायको, सगुणा, अनवाणी धावत आली.

"भाऊजी, चला हो लवकर! ह्यांना काहीतरी होतंय!"

नरहर धावला. अंगणात केरबा भिंतीला टेकून बसला होता. ओकाऱ्या थांबत नव्हत्या. चेहरा पांढराफटक, अंग घामानं थबथबलेलं. बाजूला तांब्या पडला होता. नरहरनं तो उचलून पाहिला. तांब्या रिकामा होता. थुंकलेलं कुठंच काही दिसत नव्हतं. केरबा सगळा रस प्यायला होता.

नरहरनं तांब्या टाकला आणि डॉक्टरांकडे माणूस पिटाळला.

गावातले डॉक्टर आले. मंडळाची माणसंही जमली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं.

"काय खाल्लं होतं?"

"काही नाही हो," सगुणा रडत म्हणाली. "रोजच्यासारखा दुधीचा रस घेतला. मी विहिरीवर होते."

"म्हणजे शिळंपाकं काही नाही. अपचन असेल. पुड्या देतो, पडून राहू दे."

डॉक्टरांनी पिशवी उघडली. सगळे जरा सैलावले. नरहर केरबाकडे बघत होता. गप्प राहिलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. तेवढ्यात केरबा पुन्हा ओकला आणि या वेळी त्यात रक्त होतं.

"डॉक्टर!" नरहर ओरडला. आपला आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. "दुधी कडू होता! विषारी होता! मला ठाऊक होतं!"

सगुणाचं रडणं थांबलं. ती नरहरकडे नुसती पाहत राहिली, जणू हा माणूस तिनं आधी कधी पाहिलाच नव्हता.

डॉक्टरांनी पुड्या पुन्हा पिशवीत टाकल्या. "जीप काढा! याला आत्ताच्या आत्ता तालुक्याला न्यायला हवं. आणखी थोडा वेळ जरी गेला तरी हातचा जाईल."

जीप गेली. मंडळाचा एकेक जण खाली मान घालून निघून गेला. नरहरनं घरी जाऊन फेटा आणला आणि देवळाच्या पायरीवर ठेवला. मग कोयता घेऊन त्यानं वेल बुंध्यापासून तोडला, मुळं खणून काढली आणि सगळं जाळून टाकलं.

केरबा जगला. पण बरेच दिवस तो इस्पितळात होता. नरहर भेटायला गेला तेव्हा त्याच्या हाताला सलाईन लावलेलं होतं. नरहर खाटेजवळ उभा राहिला. शेवटी त्यानं डोक्यात घोळणारा प्रश्न विचारला.

"एवढा कडू रस. तू थुंकला का नाहीस रे?"

केरबा हळू आवाजात म्हणाला, "तू वर्षभर जीव लावून वाढवला होतास. पहिल्यांदाच जिंकला होतास. म्हटलं, मित्राच्या हातचं थुंकायचं कसं? नाक दाबलं आणि प्यालो."

मित्र थुंकेल या भरवशावर नरहर गप्प बसला होता. आणि मित्र थुंकला नव्हता तो केवळ त्याच्यासाठी. तो मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. केरबानं त्याला रडू दिलं.

मंडळानं मग नवा नियम केला. प्रदर्शनात ठेवायच्या प्रत्येक भाजीची फोड आधी मालकानं सगळ्यांसमोर खायची. पुढच्या वर्षी नरहरनं मंडळाकडूनच बी घेतलं. दिवाळीनंतर तो एक साधासा, मध्यम दुधी घेऊन पटांगणात आला. त्यानं दुधी कापला, एक फोड तोंडात टाकली, चावून गिळली. मग दुसरी फोड केरबापुढं धरली.

केरबानं हात पुढं केला. पण फोड घेण्याआधी तो क्षणभर थांबला.

"गोड आहे ना रे?" त्यानं विचारलं.

"गोड आहे," नरहर म्हणाला.

केरबानं फोड खाल्ली, मान डोलावली आणि हसलासुद्धा. पण नरहरच्या काळजात चर्र झालं. उभ्या आयुष्यात केरबानं त्याच्या हातून काही घेताना असं कधी विचारलं नव्हतं.

तात्पर्य: आपल्या वस्तूतला दोष आपल्याला ठाऊक असेल, तर ती दुसऱ्याच्या हाती जाण्याआधीच तो सांगावा. उशिरा सांगितलेल्या सत्यानं एखाद्याचा जीव वाचेलही, पण डोळे झाकून ठेवलेला विश्वास पुन्हा तसाच मिळत नाही.