गेनूचा परवाना

मोहरवाडीच्या वाचनालयात गेनू नावाचा एक शिपाई होता. भोळा. गाव सभ्य होतं, म्हणून भोळा म्हणायचं.

त्या वाचनालयात संगणक नव्हता. पण सकाळी पेपर वाचायला जमणाऱ्या मंडळींना जगातल्या संगणकांची भारी काळजी. कुठे कुणाची माहिती चोरली, कुठला प्रोग्रॅम परवान्याशिवाय वापरला, यावर तावातावाने चर्चा चाले. निवृत्त मुख्याध्यापक तुंगारे गुरुजी त्यात सर्वांत जाणकार, कारण त्यांचा आवाज सर्वांत मोठा. गेनू त्यांचा शब्द खाली पडू देत नसे.

एकदा गुरुजींनी बातमी वाचून बजावलं, "गेनू, अनोळखी माणसानं पाठवलेलं काही उघडायचं नाही. व्हायरस असतो."

"बरं, गुरुजी."

थोड्याच दिवसांत जिल्ह्याहून नव्या पुस्तकांचं खोकं आलं. गेनूने ते न उघडता परसात नेऊन टाकलं. गुरुजींना ते सापडलं तोवर वाळवीने सगळी पुस्तकं वाचून संपवली होती.

"अरे शहाण्या," गुरुजी ओरडले, "आधी खात्री करायची. समोरचा खरंच तोच आहे का? मग उघडायचं. हल्ली हुबेहूब आवाज काढूनही फसवतात."

"बरं, गुरुजी."

पुढच्याच आठवड्यात गुरुजी वाचनालयाच्या संडासात गेले आणि दाराची बाहेरची कडी पडली.

"गेनू, दार उघड!"

"कोण बोलतंय?"

"अरे, मी तुंगारे! आवाज ओळखत नाहीस?"

"आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. तुमच्या आईचं नाव सांगा."

"गोदावरी!"

"बरोबर आहे का ते विचारून येतो."

गेनू गुरुजींच्या घरी गेला. काकूंनी चहा ठेवला. सासूबाईंचं नाव गोदावरीच निघालं. पण ते साऱ्या गावाला ठाऊक आहे, असंही काकू म्हणाल्या. गेनू पुन्हा विचारात पडला. कडी निघाली तेव्हा दुपार झाली होती.

"एवढ्या चौकशा कशाला रे?" घामाने निथळत गुरुजी म्हणाले. "मोबाइलवर लांबलचक अटी येतात, त्या आम्ही वाचत बसतो का? 'मान्य' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं!"

"बरं, गुरुजी."

मग बाळू सुतार आला. "शुक्रवारी वाचनालयाचा हॉल पाहिजे होता. पोरीचा साखरपु–"

"मान्य."

त्याच्यामागोमाग नाना शेलार आला. "शुक्रवारी वडिलांचं तेरा–"

"मान्य."

शुक्रवारी दोन्ही मंडळी एकाच हॉलमध्ये जमली. नवरदेवाच्या पाठीवरून पाहुण्यांनी 'धीर धरा' म्हणत हात फिरवला. नाना शेलाराच्या गळ्यात हार पडला आणि बँड सुरू झाला.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "गेनू, परवाना एकालाच असतो! जो आधी अटी मान्य करील, त्याचा हक्क. बाकीचे सगळे चोर. दारातूनच हाकलायचे!"

"बरं, गुरुजी."

आणि काय नशीब! वाचनालयाला खरोखरच संगणक मंजूर झाले. गावातल्या पोरांनी आनंदाने भिंतींना चुना फासला. संगणक मांडले, वापराच्या अटींचा कागद टेबलावर ठेवला. सकाळी शिक्षण अधिकारी मॅडम उद्घाटनाला आल्या. पाहतात तर दार बंद, आणि दारात काठी घेऊन गेनू.

"मागं सरा! चोर कुठले!"

"गेनू, या मॅडम आहेत!" गुरुजी किंचाळले. "दार उघड, नाहीतर संगणक शेजारच्या गावाला जातील!"

"आत परवानेवाले बसलेत, गुरुजी."

गुरुजींनी खिडकीतून पाहिलं. संगणकांच्या मधोमध कुंभाराचं गाढव उभं होतं.

"अरे, ते गाढव आहे!"

"असेना. सगळ्यांच्या आधी आलंय."

"आणि अटी? त्यानं अटी मान्य केल्या?"

"म्हणजे काय! अख्खा कागद शेवटपर्यंत चघळला, मग मान डोलावली. अटी इतक्या मन लावून घेताना मी अजून कुणाला पाहिलं नाही."

मॅडम तडक जीपमध्ये जाऊन बसल्या. संध्याकाळी टेम्पो आला आणि संगणक शेजारच्या गावाला गेले. सोबत कुंभाराचं गाढवही गेलं. परवानेवाल्याशिवाय गेनू संगणक हलवूच देईना.