नथीच्या जागी अक्षता

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा राज्य करी. संशय त्याच्या पाचवीलाच पुजलेला. जेवणाचा पहिला घास तो स्वयंपाक्याला खायला लावी, आणि त्याने तो खरोखर गिळला की नाही हेही वाकून बघे.

मुलगी झाली तर डोंगराई देवीला मोत्यांची नथ वाहीन, असा त्याचा नवस होता. मुलगी झाली. नाव ठेवले हेमांगी. पण नवस फेडताना राजाला वाटले, पुजारी नारंभट ही नथ लांबवणार. आता पूजेत एखादी वस्तू जवळ नसली तर तिच्या जागी अक्षता वाहतात, आणि तसे म्हटले की ती वस्तू देवीला पोचते. राजा देवीपुढे म्हणाला, "नथ नाही, म्हणून अक्षता वाहतो." नथ त्याच्या शेल्यात होती.

सोळाव्या वर्षी हेमांगीला ती नथ राजाच्या पेटीत सापडली. तिने ती नाकात घातली आणि दासींच्या देखत हेमांगी दिसेनाशी झाली. तिचा आवाजही ऐकू येईना.

राजाने नारंभटाला धरून आणले. "नथीवर तुझाच डोळा होता. चेटूक तुझेच."

"महाराज, मला मंत्रांखेरीज काही येत नाही."

"मग तेच म्हण आणि पोरीला परत आण. अडखळलास तर मान जाईल."

नारंभटाने गळाभर पाण्यात उभे राहून मंत्र म्हटले. मासे वर येऊन ऐकत राहिले. तळहातावर जळता कापूर घेऊन म्हटले. हात भाजला नाही. वाघाच्या पिंजऱ्यात म्हटले; वाघ मान खाली घालून बसला. हेमांगी काही परत आली नाही.

"एवढे जमते म्हणजे हा चेटक्याच!" राजा देवळाच्या अंगणात ओरडला. "सुळावर द्या!"

तेव्हा देवळाच्या कळसावरची साळुंकी बोलली. "राजा, देवीपुढे उच्चारलेले घडतेच. तू नथ 'नाही' म्हणालास. आता ती नथ जी घालील तीही 'नाही'."

"तुला कोणी पढवले?"

"मी सोळा वर्षे इथेच बसले आहे. सर्वांसमोर खरे बोल, म्हणजे पोर मिळेल."

राजाला ब्रह्मांड आठवले. पण लेक परत हवी होती. तो देवीपुढे उभा राहिला आणि भरल्या देवळात म्हणाला, "नथ होती. मी लपवली. ती तुझी, माझी नाही."

नथ देवीच्या नाकात दिसू लागली. हेमांगी राजाच्या शेजारीच उभी होती, त्याचा हात धरून.

"बाबा, मी सारे दिवस तुमच्याजवळच होते," ती म्हणाली. "तुमचे डोळे भटजींच्या ओठांवरून हललेच नाहीत."

राजा नारंभटाच्या पाया पडला. त्या दिवशी लेकीच्या पाटाशेजारी बसून त्याने पहिला घास स्वतःच घेतला. स्वयंपाक्याला मात्र संशय आला, आणि तो दाराआडून बघत राहिला.