थोरल्या टाकीचा स्पंज

दुपारी चार वाजता केळुसकरांच्या दिवाणखान्यात माशांची सातवी टाकी आली. टाक्या बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट.

केळुसकरांची एक रीत होती. नवी टाकी आली की थोरल्या टाकीच्या फिल्टरमधला जुना स्पंज थोडा कापून तिच्यात ठेवायचा. पाणी शुद्ध राखणारे जिवाणू त्या स्पंजात मुरलेले होते.

"बघितलंस?" थोरली टाकी आपल्या पोटातल्या म्हाताऱ्या गोल्डफिशला म्हणाली. "या घरातली एकूण एक टाकी माझ्या स्पंजावर उभी आहे. पाहुण्यांना आधी मलाच दाखवतात."

"दाखवू देत की, थोरल्या बाई," गोल्डफिश वर येऊन तोंड उघडत म्हणाली. "पण स्पंज काडेपेटीएवढा उरलाय. पाणी झोंबतंय, कल्ले जळताहेत माझे. या वेळी नाही म्हणा."

"नाही म्हणू? मग सातवी कुणाच्या जिवावर उभी राहील? थोरल्या घरात राहतेस, जरा तोऱ्यात पोहत जा."

केळुसकरांनी उरलेला तुकडाही उचलला. थोरलीने तो मानाने दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल्डफिश आडवी तरंगत होती. "वय झालं होतं तिचं," केळुसकर म्हणाले, आणि प्रकरण तिथेच मिटवण्यात आलं. थोरलीनेही साक्ष दिली नाही.

सातव्या टाकीत दिवा लागला आहे, पाणी नितळ आहे, स्पंज जागेवर आहे. तिच्यात अजून एकही मासा सोडलेला नाही.