मास्तराचं माप

“मागची खोली रिकामी हाय का न्हाई, येवढंच सांगा की बाबा!”

सोमगीरबाबा मठीच्या उंबऱ्यावर बसल्यालं. डाव्या मांडीवर शेळीचं करडू. त्येच्या कानातली गोचीड काढत हुतं.

“कुनाला पायजे खोली?”

“मला.”

“तितं शेळी ऱ्हाती. तिला इचारतो.”

दामू मास्तराला हसू आलं न्हाई. गावात त्येच्यासारखा शिंपी न्हवता, आन ह्ये दुसरं कुनी सांगायच्या आदी त्योच सांगायचा. एकदा टेप लावली की पुन्यांदा लावायची न्हाई. गिऱ्हाईक म्हनलं, ‘जरा तंग हुतंय मास्तर’, तर ह्यो म्हनायचा, ‘पोट आत घ्या.’

त्योच मास्तर आज चढ चढून माळावर आलता. आन बसला ते लांबच, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

“येवढ्या लांब? मी चावतोय व्हय?”

“वास येतुया, बाबा.”

“शेळीपरीस ज्यादा?”

मास्तरानं मान खाली घातली...

मग हळूहळू सांगितलं. ऑपरेशन झालं. आतड्याचं तोंड पोटावर काढलं, उजवीकडं. लाल, ओलं, व्हटाच्या आतल्या अंगावानी. त्येच्या भवतीनं भोक पाडल्याली चिकट चकती लावायची, चकतीला घान जमायची पिशवी. पर चकती ठरतच न्हाई. खालनं गळतं. कातडं भाजल्यागत सोलून निघतं.

भाच्याच्या लग्नात पंगतीला बसला. आदी उजवीकडचा पावना उठला. मग डावीकडचा. मग मास्तर एकलाच पानावर, आन वाढपीबी म्होरनं जाईना.

तवापास्नं दुकानाला कुलूप.

“परवा माज्या लेकीच्या, नंदीच्या पोरीचं बारसं हाय. ही कुंची शिवलीया... तुमीच न्हेऊन द्या. मी हितंच ऱ्हातो. मानसांत जायाचं संपलं माजं.”

बाबानं कुंची घेतली न्हाई. करडू खाली सोडलं, आत गेलं, आन एक जुनी कफनी घालून भाईर आलं. खांदं लोंबल्यालं, घेर ह्यो येवढा. बुजगावनं बरं दिसंल.

“वळीखलीस? तूच शिवल्याली. बेकार शिवलीस, लेका. कात्री चुकली तुजी.”

मास्तर ताडकन उठला. वासबिस इसरला. पार बाबाच्या अंगावर आला.

“माजी कात्री? तवा तुमी दुप्पट हुता, बाबा! आता वाळून काटकी झालाय. जुन्या मापाचं अंगाला कसं बसंल? नवीन माप घ्याया नगं?”

बाबानं कफनीचा घेर चिमटीत धरून दावला.

वारा तेवढा कफनीत शिरत हुता...

मास्तराचा हात हळूच सोताच्या पोटाकडं गेला.

“चकत्या कवा कापल्यास?”

“दवाखान्यातनं आलो त्याच दिशी. सिस्टरनं माप दिल्यालं, त्येचा पुठ्ठ्याचा फर्मा केला... आन सगळा डबा एका बसकीत कापला. शाळेच्या चड्ड्या कापतो तसा.”

“सिस्टर काय म्हनली हुती?”

“सूज उतरंल, दर खेपंला मोजा म्हनली.”

“मग?”

“म्या म्हनलं... शिंप्याला शिकवती.”

बाबानं झोळीत हात घातला. एक कार्ड काढलं, भोकाभोकांचं, ल्हान भोकापास्नं मोठ्या भोकापतूर. कोपरं झिजून गेल्याली.

“ह्ये तुमच्यापाशी कुठनं?”

बाबानं कफनी वर केली. पोटावर, उजव्या अंगाला, तसलीच पिशवी.

मास्तराचा आ वासला.

“कवापास्नं?”

“ह्या कफनीच्या आदीपास्नं. टेप लावलीस, घेर मोजलास, वर गावभरच्या चहाड्या सांगितल्यास. तुला कुटं कळलं?”

आन बाबा बोळक्यानं हसाय लागलं. येवढी वर्सं एकट्यानंच दाबून धरल्यालं हसू असावं ते. लई येळ हसलं.

मग पानी कोमट केलं. मास्तरानं पोट धुतलं, टिपलं. पयलं कार्डातलं जुन्या मापाचं भोक धरलं. आतड्याचं तोंड त्यात सैल, भवतीनं अर्धं बोट सोलल्यालं कातडं उघडं. मग त्येच्या खालचं भोक. मग त्येच्याबी खालचं. एकात बराबर आलं, भवतीनं सुतळीएवढी फट.

“बास. ह्येच्यापरीस तंग नगं. चकतीच्या कडंनं आतडं कापलं तरी तितं दुखत न्हाई. तुला कळायचंबी न्हाई.”

मास्तराच्या चकत्या सगळ्या वाया गेल्याल्या. बाबानं आपल्यातली कोरी दिली. मास्तरानं कात्री धरली. जलमात पयल्यांदा त्येनं कापायच्या आदी दोनदा मोजलं. चकती तळव्यात धरून ऊब दिली, बसवली, वरनं हात ठेवला.

दोघं बसून ऱ्हायलं. ह्या खेपंला जवळ. सावली उंबऱ्यावरनं अंगनात गेली, अंगनातनं बांधावर.

गळलं न्हाई.

“आन... मागची खोली?”

“पयल्या साली म्याच ऱ्हायलो तितं. दार लावून. भितीसंगं जेवायचो.” बाबानं करडाला जवळ वडलं. “भीत कवा उठून गेली न्हाई. पर वाढ म्हनलं तर वाढतबी न्हवती.”

मास्तरानं कुंची पिशवीत घातली. भाईर काढली. मग पुन्यांदा घातली.

चार पावलं गेला आन मागं फिरला.

“बाबा... बारशात गळलं तर?”

करडू बाबाच्या उजव्या मांडीवर चढाय बघत हुतं. बाबानं त्येला अलगद उचललं, डावीकडं घेतलं.

“पोरीला डाव्या मांडीवर घे.”