नलूताई, गुडघे

“किती उंचीवरून टाकू काका? कमरेएवढ्या की डोक्याएवढ्या?”

“तुला वाटंल तिथून टाक, बाय.”

ऋजुताने खोका डोक्यावर उचलला आणि दिला सोडून. धप्प! मग पुन्हा एकदा, कोपऱ्यावर. मग कारखान्याच्या जिन्यावरून, गडगडत. मूर्ती रंगवणारी माणसं कुंचले थांबवून बघतच राहिली, कारण आत हातभर उंचीचा शाडूचा गणपती होता.

तिने मोबाइल पुढे केला. खोक्यात धक्का मोजणारं यंत्र होतं, त्याचा आकडा तिथे दिसत होता.

“बघा काका. बाप्पाला कळलंसुद्धा नाही!”

धर्माकाका म्हात्रे मान डोलावून हसले. पण ‘चालंल’ काही म्हणाले नाहीत.

ऋजुता ठोंबरेने पॅकेजिंगमधलं पदव्युत्तर शिक्षण जवळजवळ पूर्ण केलं होतं, तेही दर परीक्षेत वर्गात पहिली येऊन. पुण्याची नोकरी ठरली होती, एक तारखेला रुजू व्हायचं होतं. अडलं होतं ते शेवटच्या प्रकल्पापाशी. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “पेणला जा. धर्माकाका ‘चालंल’ म्हणाले, की मी सही करतो.” आणि हे धर्माकाका चौथीत शाळा सोडलेले! परदेशी जाणारे गणपती पेंढ्यात बांधण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली होती. दोऱ्या ओढून ओढून हाताची बोटं आल्याच्या कांड्यांसारखी वाकडी झाली होती. अशा माणसाकडून आपण पास व्हायचं, हे ऋजुताला मुळीच पटलेलं नव्हतं.

“आता उघड,” काका म्हणाले.

तिने कटर काढला. काकांनी तो अलगद तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

“असाच उघड.”

चिकटपट्टी नखाला दाद देईना. दात लावले, गुडघा लावला. पाच मिनिटांनी झाकण फाटलं, तर आतला फोम बाप्पाला सोडायला तयार नाही. तिने घाम पुसला आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं.

कट्.

मोदकाच्या हाताचं बोट तिच्या तळव्यावर येऊन पडलं.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या उंचीवरून टाकली तरी वाचलेली मूर्ती आपल्याच हातून मोडावी!

“रडतंस कशाला? मातीच हाय अजून, चिकटवू,” काका म्हणाले. “पन मला सांग, तिकडं ह्यो खोका कोन उघडनार?”

“ग्राहक.”

“नाव काय त्याचं?”

ऋजुताने फाटलेलं झाकण उलटून बघितलं. त्यावर नाव नव्हतंच.

काका उठले. कोपऱ्यातला स्वतः बांधलेला एक खोका त्यांनी तिच्यासमोर जमिनीवर ठेवला. त्याला एकच लांब सुतळी होती. त्यांनी वाकड्या बोटाने तिचं टोक ओढलं.

चारही बाजू आपोआप आडव्या झाल्या. पेंढा सुटून बाजूला झाला. मधोमध, तळाच्या पाटावर, बाप्पा ऐटीत बसलेले! कुणाला उचलायला नको की वाकायला नको.

पडलेल्या एका पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं: नलूताई, गुडघे.

“या कोण?”

“टोरांटोच्या. एकट्या असतात. चतुर्थीला सकाळी उठून एकट्याच उघडतील.”

ऋजुता त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. दोन वर्षं शिकली, शेकडो खोके पाडले, पण एकही कधी कुणाच्या घरी नेऊन उघडला नव्हता! रंगवणारेही हसायला लागले.

आठ दिवसांनी ती परत आली, एक तारखेच्या आदल्या दिवशी. फोम गेला होता, त्याच्या जागी कागदाच्या लगद्याचे सुटे साचे आले होते. चिकटपट्टीही गेली होती. वरून फक्त एक रुंद, मऊ नाडी, टोकाला हात सहज जाईल एवढा फास.

“टाकून दाखवू का काका?”

काकांनी नकारार्थी मान हलवली आणि वाकडी बोटं फासात घातली. दुखली नाहीत. त्यांनी नुसता हात मागे घेतला.

बाजू आडव्या झाल्या, साचे पाकळ्यांसारखे उमलले आणि बाप्पा समोर आले. पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: धर्माकाका, बोटं.

काका वाचत राहिले… पुन्हा वाचलं… उपरण्याने नाक पुसलं.

ऋजुताला धीर धरवेना. “काका, उद्या रुजू व्हायचंय. सरांना काय सांगू? चालेल ना?”

काकांनी गणपतीला हात जोडले.

“चालंल, चालंल! पन पावना आत्ता दारात आलाय गो बाय. त्याला आधी पानी विचार.”