ओताऱ्याच्या कानातला रातकिडा

एका गावात ओताऱ्यांची एक आळी होती, आणि त्या आळीत कुजबुजायची सोय नव्हती. सकाळी भट्ट्या पेटल्या की ठोकाठोक सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत. तिथली माणसं "जेवलास का" हेसुद्धा भांडल्यासारखं विचारायची. पाहुणे घाबरून "जेवलो, जेवलो" म्हणायचे आणि उपाशीच परत जायचे.

ह्या आळीत घंटा ओतायच्या. नवी घंटा आळीच्या तोंडाशी चिंचेला टांगायची, एक टोला द्यायचा, आणि थोरल्या ओताऱ्यानं हात वर करून उभं राहायचं. नाद पार विरला की हात खाली. लांब आणि सरळ गेला तर घंटा पसंत. मध्येच तुटला तर आत कुठंतरी पोकळी राहिलीय, घाला परत मुशीत. त्याच्या हाताशिवाय एकही घंटा आळीबाहेर जात नसे. म्हणून थोरला चालतानासुद्धा नाकाऐवजी कान पुढं काढून चालायचा.

आणि नेमका त्याच्याच कानात रातकिडा बसला.

खरा नव्हे हो. पण आवाज तसाच, किर्र, किर्र. ठोकाठोकीत कळायचं नाही. आळी शांत झाली की किडा गायला बसायचा. थोरल्यानं मोराच्या पिसाची काडी घालून कान कोरला. किडा हलला नाही. बायकोनं लसणीचं तेल कोमट करून ओतलं, वर कापसाचा बोळा दाबला. किडा आणखीच खुशीत. मग थोरल्याला वाटायला लागलं, हे बाहेरचं काहीतरी आहे, नाहीतर आपल्याला वेड तरी लागतंय. ह्यातलं काहीही आळीला कळलं तर हात वर करायचा मान गेला. म्हणून तो गप्प बसला. काळजी करकरून झोप उडाली, आणि झोप उडाली तसा किडा जास्तच चढला.

मग तो घंटा पारखायचा कशा? ऐका, पण हसू नका. चिंचेखाली एक खरजुलं कुत्रं पडलेलं असायचं. टोला पडला की त्याचे कान उभे, नाद विरला की कान खाली. कुत्र्याचा कान खाली की थोरल्याचा हात खाली. आळी म्हणायची, "काय कान आहे." कान चांगलाच होता, फक्त मालक दुसरा होता.

एके दिवशी नदीकाठच्या गावाची पाटलीणबाई घंटा न्यायला आली. घंटा थोरल्याच्या शेजाऱ्यानं ओतलेली.

"देवळासाठी का?" थोरल्यानं विचारलं.

"आमच्या देवाला ऐकू येतं, त्याला घंटा कशाला," पाटलीणबाई म्हणाली. "पुरासाठी हवीय. पाणी चढलं की वाजवायची. पलीकडची वाडी खोलात आहे, लेकरंबाळं झोपलेली असतात. त्यांच्यापर्यंत आवाज गेला पाहिजे. आम्हाला ह्यातलं कळत नाही. तुमच्या हातावर भरवसा."

टोला पडला. थोरल्यानं हात वर केला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून चिंचेखाली बघितलं. कुत्रं नव्हतं. गावात कुणाचं तरी बारसं होतं, ते पंगतीला गेलं होतं.

किर्र, किर्र. नाद कुठला आणि किडा कुठला, काही उमगेना. हात आपला वरच. इकडे शेजाऱ्याची छाती फुगत चालली. एवढा लांब नाद त्याच्या सात पिढ्यांत कुणी काढला नव्हता.

अंदाजानं हात खाली टाकला असता तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. पण थोरल्याच्या डोळ्यांपुढं ती वाडी आली. पाणी उंबऱ्याशी, आणि घंटा वाजूनही कुणी उठत नाही.

"पाटलीणबाई," तो म्हणाला, "ही घंटा मला पसंतही करता येत नाही आणि नापसंतही. माझ्या कानात सारखं किर्र वाजतं. नाद मला ऐकूच येत नाही."

थोरल्यानं मान खाली घातली. आता हसतील आणि घरी बसवतील.

"माझ्या कानात शिट्टी वाजते, दादा," शेजारी हळूच म्हणाला. "मला वाटलं, मला भूत लागलंय."

"माझ्यात मधमाश्या," तिसरा म्हणाला.

"माझ्यात कोणीतरी धपधप चालतं," चौथा म्हणाला.

सगळ्यांत म्हातारा ओतारी काठीवर हनुवटी टेकून बसला होता. "म्हणजे," तो म्हणाला, "सगळ्यांना ऐकू येत नाही ते? मला वाटलं, जगच वाजतंय."

सगळी आळी पोट धरून हसली. पाटलीणबाई तेवढी हसली नाही. "तुमचं झालं की सांगा, माझी घंटा ऐकणार कोण?"

शेवटी तीच उठली. आपल्या नावाड्यांना घेऊन लांबच्या माळावर जाऊन उभी राहिली. आळीनं टोला दिला. परत आली ती मान हलवतच. "बद्द वाजतेय. माळापर्यंत धड येत नाही." घंटा फोडली तर आत लिंबू बसेल एवढी पोकळी. शेजाऱ्याची छाती जागेवर आली. त्यानं दुसरी ओतली, ती माळ ओलांडून गेली, मगच पाटलीणबाईनं ती नावेत चढवली.

मग आळीनं वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी थोरल्याला उन्हाकडं कान करून बसवलं आणि अलगद कान साफ केला. आधी मळ निघाला, मग कापूस, मग लसणीचा तुकडा.

"कानाला फोडणी कुणी दिली?" वैद्यबुवांनी विचारलं. थोरल्याची बायको चुलीकडं बघत राहिली.

"तुझा किडा निम्मा मळाचा, निम्मा हातोड्याचा," ते थोरल्याला म्हणाले. "मधमाश्या सगळ्याच हातोड्याच्या. ह्या शेजाऱ्याचा ताप कधीच गेला, पण कडू सालीचा काढा अजून चालूच, तोही दुप्पट. ती शिट्टी त्या काढ्याची असणार. आजोबांचं वाजणं वयाचं. बाहेरचं ऐकू येईनासं झालं की रिकाम्या घरासारखा कान आपला आपणच घुमतो." धपधपवाल्याची नाडी धरली तेव्हा मात्र त्यांनी थट्टा केली नाही. "तू उद्या माझ्याकडं यायचं. उद्या म्हणजे उद्या."

"म्हणजे वेड नाही?" थोरल्यानं विचारलं.

"नाही. भूतही नाही. मळाचं गेलं, हातोड्याचं थोडं राहील. त्याला घाबरायचं सोडलंस की ते अंगावर येणार नाही. आणि मेण लावलेला कापूस कानात घातल्याशिवाय कुणी हातोडा उचलायचा नाही. काडी कुणी घातली तर ती माझ्याकडं आणून द्या, मी त्याच्या पाठीवर वापरीन."

थोरला हलक्या पावलांनी घरी आला. इतकी वर्षं छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटत होतं.

"अहो, ऐकलंत का," बायको आतून म्हणाली.

"ऐकलं," तो म्हणाला.

बायको हातातलं टाकून बाहेर आली. पहिल्या हाकेला ओ आलेली तिला आठवतच नव्हती. ती त्याच्यासमोर नीट मांडी घालून बसली. "मग आता सगळं पहिल्यापासून सांगते," म्हणाली, आणि तिनं लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली.

किडा अजून बारीक गात होता. थोरल्याला त्याचा पहिल्यांदाच जरा आधार वाटला.

तात्पर्य, ज्याला हवं त्यानं घ्यावं: कानातलं लपवलं तर त्याचं भूत होतं, आणि सांगितलं तर पुष्कळदा मळच निघतो. हातोडा मात्र कान झाकूनच उचलावा.