बिनफुलांच्या गायी

फार पूर्वी बर्फाच्या डोंगरांच्या खोबणीत एक संस्थान होतं. इतकं इवलंसं, की राजाचा घोडा जरा उधळला तर थेट परमुलखात जाऊन थांबायचा!

तिथल्या एका गावात एक गुराखीण होती. उन्हाळा लागला की साऱ्या गावाच्या गायी घेऊन ती उंचावरच्या कुरणात जायची आणि थंडी पडायच्या आत उतरायची. उतरताना गायींच्या शिंगांना फुलं, गळ्यात मोठाल्या घंटा. मात्र वर एक जरी जनावर दगावलं, तर कळपाला फूल लावायचं नाही, अशी तिथली रीत. लोकांना लांबूनच कळायचं.

त्या वर्षी राजाने दवंडी पिटवली. ज्या गावाचा कळप सर्वांत देखणा सजून येईल, त्याला राजाचं हिरवंगार कुरण मिळणार. गाव हरखलं, कारण त्यांचं स्वतःचं कुरण पार उजाड होत चाललं होतं.

उतरायच्या दिवशी सकाळीच धुकं दाटलं. गुराखिणीचा जरा डोळा लागला आणि एका म्हातारीचं वासरू कड्यावरून कोसळलं.

फुलं घेऊन वर आलेला गावप्रमुख म्हणाला, "अगं, वासरूच ते! म्हातारीला मागाहून सांगू. आधी कुरण तर पदरात पडू दे."

गुराखिणीला ठाऊक होतं, गाव चिडणार, कदाचित हातचं कामही जाणार. तरी ती म्हणाली, "काका, चूक माझी आहे. म्हातारी वाटेकडे डोळे लावून बसली असेल. तिच्यासमोरून फुलं मिरवत नेणं माझ्याच्याने नाही व्हायचं."

कळप तसाच उतरला. घंटाही काढलेल्या. गुराखीण तडक म्हातारीकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. म्हातारी खूप रडली, मग तिचा हात धरून म्हणाली, "तू स्वतः आलीस, बरं केलंस गं बाई."

कुरण शेजारच्या गावाला मिळालं. त्यांचा कळप नवरीसारखा नटून आला होता. पण गायी गोठ्यात बांधायची वेळ आली, तेव्हा दोन घरांतले खुंटे रिकामेच राहिले! त्यांच्या गुराख्याने वर मेलेल्या गायींचा पत्ताच लागू दिला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्याआधी त्या गावचे लोक गायी घेऊन गुराखिणीच्या दारात हजर झाले. "कुरण आमचं, राखण तुझी. तुझ्या गावच्या गायीही खुशाल आण."

हे ऐकताच आपली गाय सोडायला सगळ्यांत आधी कोण धावलं असेल? गावप्रमुख!

तात्पर्य: स्वतःची चूक जो आपणहून सांगतो, त्याच्या हाती लोक आपलं सर्वस्व निर्धास्तपणे सोपवतात.